स्थळ पसंत आहे

मोताळ्यात घरूनच काम करणाऱ्या रेणुकाने वधू-वर मेळाव्याच्या वेबसाइटसाठी पसंती कळवायच्या फॉर्मचा कोड लिहिला, पानाला जोडला आणि मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून ऑफिसच्या सरांचा फोन आला.

"अगं, 'स्थळ पसंत आहे' यावर टिक केली नाही, तर फॉर्म पुढे जातच नाही. तेच पान परत समोर येतं! मग मुलीने नकार द्यायचा कसा?"

तेवढ्यात बैठकीतून बाबा पुन्हा आत आले. "रेणू, पाहुने थांबून राह्यले. पोरगा पसंद हाये ना वं?"

"नाही, बाबा."

"बरं. आरामात इचार कर. मी फिरून येतो इचाराले."

फोनवर सर अजून चिडलेलेच होते. "एवढी मोठी चूक तुझ्या लक्षात कशी आली नाही?"



"सर, मला वाटलं, ते असंच असतं."