कुसुमताई बसून राहिल्या

"ठिव ती परात खाली! हात लावायचा न्हाई म्हणून कितीदा सांगू?"

स्वरूपानं परात खाली ठेवली. कुसुमताईंनी ती ओढून घेतली आणि स्वतः पीठ मळायला बसल्या. वय बासष्ट. गुडघे कुरकुरत होते, पण ते कुणाला कळू द्यायचं नाही. चार महिने त्यांनी सुनेला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. धुणं, भांडी, भाकरी, नातीची वेणी, सगळं एकटीनं. मुलगा शेखर शिफ्टवरून यायचा, जेवायचा आणि काही विचारायचा नाही. चिंचवड गावठाणातल्या त्यांच्या आळीत मात्र नाव झालं होतं. "सासू असावी तर अशी," शेजारच्या इंदुताई म्हणायच्या.

ते ऐकलं की कुसुमताई खाली बघायच्या.

कारण त्याआधीची दोन वर्षं. स्वरूपाचं अंग दुखायचं. आज खांदा, उद्या मांडी, परवा सगळंच. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरी जोडायची, ते काम सुटलं. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं चांगलं. "रिपोर्टात न्हाई तर दुखतंय कुठं? जिभंवर?" कुसुमताईंनी विचारलं होतं. नातीच्या जावळाला त्यांनी तिला अंथरुणातून उठवून भर पंगतीत वाढायला लावलं. श्रीखंडाचं पातेलं तिच्या हातातून सुटलं. "ह्यो नवा खेळ," कुसुमताई म्हणाल्या. पंगत हसली.

मग पिंपळे सौदागरच्या एका डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. "दुखणं खरं आहे, आजी. फोटोत दिसत नाही, एवढंच." त्यांनी झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि व्यायाम शिकवणाऱ्या खुशनुमा मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी एक तक्ता दिला. कुसुमताई दुसरी शिकलेल्या, अक्षर बारीक. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला आणि स्वतःला कामाला जुंपून घेतलं. तक्त्याच्या चौकोनांत रोज संध्याकाळी खुणा करायची ती स्वरूपाच.

चौथ्या महिन्यात मॅडमनी स्वरूपाला हात वर करायला सांगितला. खांद्याच्या वर गेला नाही. बारा पायऱ्या चढताना दोनदा थांबली.

"तक्त्यात तर सगळ्या खुणा आहेत," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात दहा मिनिटं चालणं, दोन भाकऱ्या. मग थोडं थोडं वाढवत... घरी काम कोण करतं?"

"मी," कुसुमताई ताठ मानेनं म्हणाल्या. "काडी उचलू देत न्हाई तिला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, ते कामच तर औषध होतं. तिचं औषध तुम्ही खाऊन टाकलंत."

कुसुमताईंना वाटलं, पंगत परत हसली. या खेपेला त्यांना. दोन वर्षं बोलून बोलून पोरीला आडवं केलं, आणि माया करायला गेल्या तर आणखी चार महिने आडवं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून. स्वरूपानं दोन भाकऱ्या केल्या. पाऊण तास लागला. एक फाटली, एक करपली. मध्ये तीनदा ती भिंतीला टेकली, एकदा डोळे पुसले. कुसुमताई उठल्या नाहीत. उठणं सोपं होतं.

आठवड्यानं इंदुताई डोकावल्या. "काय ओ ताई, दुखणाईत पोरगी राबतीय आन् तुमी पाटावर? आली वाटतं गाडी जुन्या वळणावर!"

उत्तराला कुसुमताईंकडे कधी तोटा नव्हता. आळीतल्या भल्याभल्यांना त्यांनी गप्प बसवलेलं. त्या दिवशी सगळं गिळलं. "व्हय, आली," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. कुसुमताई पाटावरच होत्या.

"चल म्हाराणी, ऊठ. आज तीन हायत."

स्वरूपा हसायची आणि उठायची.

गणपतीपर्यंत पाच भाकऱ्या झाल्या. सकाळी चिंचवड स्टेशनपर्यंत चालून परत यायला लागली. दुखणं गेलं नाही. वाईट दिवस यायचे, त्या दिवशी दोनच भाकऱ्या, आणि तेही चालायचं. लेकीची वेणी आता तीच घालायची. दिवाळी झाल्यावर कंपनीनं परत बोलावलं. बसून वायरी तपासायचं काम, दुपारची शिफ्ट.

पहिल्या दिवशी कुसुमताई तिला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला गेल्या. वाटेत गोळी, डबा, पाण्याची बाटली, सगळं दोनदा विचारून झालं. बस कोपऱ्यावर वळताना दिसली, तेव्हा त्यांनी दुसरीकडंच बघत विचारलं,

"एक सांग. त्या तक्त्यात काय लिव्हलंय, तुला तर वाचता येत व्हतं. चार महिने खोट्या खुणा केल्यास. एवढी भीत व्हतीस मला?"

बस थांबली. दार उघडलं. स्वरूपानं पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळली.

"भीत नव्हते, आत्या. म्हटलं, आधी तुम्हाला बरं वाटू दे."