गाढवाखालच्या ओळी

गडमुडशिंगीच्या विहिरीजवळ ज्या दगडावर झुंबरबाईंनी चाळीस वर्षे धुणे धुतले होते, तो पाइपलाइन टाकताना उलटला आणि त्याच्या खालच्या अंगाला प्राचीन शिलालेख निघाला. लेखाच्या वर एक गाढव कोरलेले होते. वारसा समितीने दगड तिथेच उभा रोवला, भोवती लोखंडी कुंपण घालून कुलूप लावले आणि ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी लावली. तेव्हापासून झुंबरबाईंना दुखऱ्या गुडघ्यांनी धुण्याची बादली घेऊन लांबच्या ओढ्यापर्यंत जावे लागे.

महिन्याभराने जुनी कन्नड वाचणाऱ्या प्राध्यापिका राजमती चौगुले लेख वाचायला आल्या. झुंबरबाई बादली घेऊन कुंपणाबाहेर उभ्याच होत्या.

“माझा दगड कवा सोडतासा, पावणं?” त्यांनी समितीच्या अध्यक्षांना विचारले.

“आजी, तो आता राष्ट्राचा ठेवा आहे.”

“ठेवा की. पर आडवा ठेवा. मला धुनं धुवायचं हाय.”

राजमतींनी लेख दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मग विचारले, “हे कुंपण कुणी घातलं?”

“मी स्वतः उभा राहून घालून घेतलं,” अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

“मग अर्थ तुम्हीच ऐका,” असे म्हणून त्या सावकाश वाचू लागल्या.



“‘हा दगड गावच्या बायकांना धुणे धुण्यासाठी दिला आहे. चंद्र-सूर्य आहेत तोवर जो कोणी त्यांना अडवील, त्याचा बाप वर कोरला आहे.’”