कपाटाची किल्ली
परदेशात शिकायला आल्यावरची माझी पहिलीच एकटीची सहल, तीही घरी न सांगता. सरहद्दीवरच्या स्टेशनात गाडी थांबली आणि गणवेशातली बाई डब्यात शिरली. एकेकाचा पासपोर्ट तपासत ती माझ्यापाशी आली. मी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. तिने ते बघितलंही नाही. “पासपोर्ट!” शिकायला म्हणून घरून निघताना बाबांनी दहादा बजावलं होतं, “पासपोर्ट जिवापाड जप. कपाटाबाहेर काढायचा नाही.” मी आज्ञाधारक मुलगी, पासपोर्ट होस्टेलच्या कपाटात होता आणि किल्ली माझ्या गळ्यात. बाईने मला सामानासकट उतरवलं. गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. नेमका तेव्हाच बाबांचा रोजचा फोन आला. “काय गं, पासपोर्ट जागेवर आहे ना?” बाई रोखून बघत होती. मी किल्ली मुठीत आवळली. “कपाटातच, बाबा.” “शाब्बास! आता तुला एकटीला कुठेही सोडायला हरकत नाही.”