नागपूरची तार

डॉक्टरांनी सोजरबाईच्या उजव्या खांद्याखाली बोटं फिरवून पाहिली, मग डाव्या. कातडी वाळून सैल पडली होती, पण टाक्याची खूण म्हणून कुठे नव्हती.

"तार टाकली नाही का?" त्यांनी विचारलं.

"टाकली ना साहेब," तिचा लेक जगदेव म्हणाला. "तुमी सांगतलं त्याच दिवशी."

"कुठे?"

"नागपूरले."

डॉक्टर पुन्हा वाकून म्हातारीच्या गळ्याजवळ पाहू लागले. आता हे काय शोधून राह्यले, ते जगदेवला उमगेना. सरकारी माणसाला कागद दाखवलेला बरा, म्हणून त्याने बंडीच्या खिशातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. वाशीमच्या तार ऑफिसची पावती होती ती.

डॉक्टरांनी पावती वाचली, उलटून पाहिली, परत वाचली. माणूस पुण्याकडचा, बदली होऊन आलेला, तसा तापट. पण आज त्यांचा आवाज चढला नाही. तेच जास्त वाईट होतं. खुर्ची ओढून ते जगदेवच्या पुढ्यात बसले अन् लहान पोराला सांगावं तसं सांगू लागले. आजींचं काळीज चालता चालता मधेच थांबतं, म्हणून त्यांना घेरी येते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक बारीक तार शिरेतून थेट काळजापर्यंत घालतात. वर खांद्याखाली एक डबी बसवतात, ती काळजाला वेळेवर धक्का देत राहते. ती तार टाकायला सांगितली होती त्यांनी, दोन दिवसांच्या आत. आज चौथा दिवस होता.

जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठीचा माणूस, नातवंडांचा आजा, अन् एवढंही कळू नये! त्या दिवशी 'नागपूरला तार टाका' ऐकून तर त्याला उलट नवलच वाटलं होतं, की आपला भाऊ इंद्रभान नागपूरच्या मिलमध्ये आहे, हे या डॉक्टरला सांगितलं कोणी? माणूस मोठा भला, म्हातारी जायच्या आत लेकाची भेट व्हावी म्हणून तार टाकायला सांगते. तो तसाच तार ऑफिसात गेला, अन् मायला एसटीत बसवून रिठदला घेऊन आला. आता गावात तार गेली म्हटल्यावर लोकांनी दुसरं काय समजायचं? मालेगावहून त्याची बहीण भागिरथा आली ती शेवटचं लुगडं घेऊनच. इंद्रभान बायकापोरांसकट आला. आयाबाया येऊन म्हातारीच्या पाया पडून गेल्या. जिला नागपूरला न्यायचं, तिच्यासाठी नागपूरचीच माणसं रिठदला आणून बसवली होती. म्हातारीने हे सगळं पाहिलं अन् भाकरीचं ताट सरकवून दिलं. दूध आणलं, तर तेही नको. वय झालं, समजून गेली, असं सगळे म्हणाले. आज परत घेरी आली तेव्हा इंद्रभान अडून बसला, म्हणून तिला इथवर आणली. नाही तर जगदेवने आणलीही नसती.

"आता?" त्याने विचारलं.

पंच्याऐंशी वय, त्यात तीन दिवसांची उपाशी, वाटेत काय होईल ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. तारेने म्हातारी माणसंही नीट होतात, पण निघायचं तर आत्ताच. जीप मागवतो, चिठ्ठी लिहून देतो, बाहेर घरच्यांना विचारून या.

बाहेर व्हरांड्यात इंद्रभान उभा होता. त्याला विचारायचं म्हणजे आधी स्वतःचा मूर्खपणा सांगायचा. त्यापेक्षा, वय झालं म्हणते डॉक्टर, एवढं म्हटलं तरी भागत होतं. कोणी दुसरा शब्द विचारला नसता. हे जगदेवच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. तो दारापर्यंत गेलाही. मग परत फिरला अन् खाटेशी येऊन मायच्या कानाशी वाकला. चूक जिच्या जिवाशी झाली, तिलाच आधी सांगणं भाग होतं.

"माय, तू जाशीन असं डाक्टरनं नोतं सांगतलं वं. मीच बह्याड. तुले नागपूरले न्याले सांगतलं व्हतं, तू बरी व्हाशीन म्हून."

एवढं बोलून तो रडायलाच लागला.

सोजरबाईने डोळे उघडले. डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं होतं अन् ते घड्याळाकडे पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मंग मी तीन दिवसांपासून कायले मरून राह्यली रे?" ती म्हणाली.