वस्तादांची चिमटी

नव्या कोचने प्लास्टिकचा चिमटा बाहेर काढला, तशी तालमीतली सगळी पोरं त्याच्याभोवती जमली. अंगात चरबी किती टक्के आहे, ते म्हणे हा चिमटा सांगतो. महिपत वस्ताद मातीत एकटेच उभे राहिले. चाळीस वर्षं पैलवानाचं पोट चिमटीत धरून ते हेच सांगत आले होते. त्यांचा जीव नुसता जळत होता.

त्यांच्या लाडक्या दौलतच्या पोटावर कोचने एकाच जागी तीनदा मोजलं. काटा आधी बारा मिलिमीटरवर थांबला, मग सतरावर, मग नऊवर.

"सर, एवढ्यात वाळलो व्हय मी?" दौलत म्हणाला. पोरं हसली.

वस्तादांना बरं वाटलं, पण गप्प राहवेना. "कातडी नुसती दाबू नका. आधी बोटांनी मांसापासून वर उचला, मग चिमटा लावा."

"तुम्हीच दाखवा, वस्ताद." कोचने चिमटा पुढे केला.

वस्तादांनी बेंबीशेजारची घडी उचलून चिमटा लावला. तेरा. सोडून पुन्हा धरली. तेरा. तिसऱ्यांदाही तेराच. कोचने चिमट्यासोबतचा तक्ता बघून मिलिमीटरचे टक्के काढले. "चौदा. दोन टक्के जास्तच आहेत."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दौलत काट्याकडे बघत म्हणाला, "मग तूप कमी करतो, सर."

वस्ताद महिनाभर त्याला हेच सांगत होते.

त्यांनी चिमटा कोचच्या हातात परत ठेवला. "आम्ही बोटांवर आकडे गोंदून घ्यायला पाहिजे होते बघा," ते म्हणाले आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याकडे वळले.