आता उशीर नको

याकोमिना आणि तिची सख्खी बहीण हेंड्रिका हॉलंडमधल्या झ्वोल्यात एकाच कालव्याच्या दोन काठांवर राहतात. आईच्या कपाटावरून दोघींचं बिनसलं, तेव्हापासून कित्येक वर्षं बोलणं नाही. "जाईन एकदा समजूत काढायला," असं याकोमिना दर ईस्टरला म्हणायची आणि पलीकडच्या खिडकीचे पडदे बघत बसायची.

आज चर्चमध्ये प्रवचनात पाळक म्हणाले, चांगलं काम मनात आलं की पाचपर्यंत मोजा आणि उठा. उपासना संपल्यावर मी, तिची जुनी मैत्रीण, याकोमिनाच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला.

"ऊठ बाई. देवानं सहा दिवसांत जग उभं केलं, तुला एक पूल ओलांडायला इतकी वर्षं पुरेनात."

"तिनं तोंडावर दार लावलं तर?"

"तर निदान दार तरी बघून येशील."

तिनं पाचपर्यंत मोजलं आणि खरंच गेली. मी पुलापाशी थांबून मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. ती संपायच्या आत बाई परत हजर, डोळे रडून लाल.

"लावलं ना दार?"

"छे गं. गळ्यात पडून रडली. म्हणाली, रोज तुझीच वाट बघत होते."

"मग इतक्यात परत कशी आलीस?"



"अगं, आता एक क्षणही दवडायचा नाही असं ठरलंय आमचं. लगेच कॉफीला बोलावलंय तिनं, पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारी."