कोरडी चाचणी

नमुन्यांची पेटी घेऊन आलेला माणूस खोदयंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेच्या दारातच थबकला. टेबलामागे त्याची धाकटी भावजय बसली होती. चौदा वर्षांपूर्वी त्यानेच तिला कारखान्यातून बाहेर काढलं होतं आणि आता त्याच्या मालाला हो म्हणायचं की नाही, ते तिच्या हातात होतं.

"अगं धाकटे, तू इथे?"

"पेटी तिकडे ठेवा भाऊजी. आणि वहीत नाव लिहा."

त्याने मुकाट्याने लिहिलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथलं गाढव म्हणजे आपणच, हे तिच्या लक्षात आलं, पण तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही. प्रयोगशाळेत सगळे तिला बाई म्हणतात, तर इथून पुढे आपणही बाईच म्हणू.

पेटीत सहा बुश होते. खोदयंत्राच्या हाताच्या सांध्यात पिन ज्या जाड कड्यात फिरते, तो बुश. हे कडं लोखंडाचं नव्हतं. विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवून, गुंडाळून, भट्टीत भाजलेलं होतं. याला ग्रीस लागत नाही. स्वतःच्या अंगातलं वंगण थोडं थोडं पिनेला लावत ते वर्षानुवर्षं चालतं. बाईंना हे कुणी सांगायला नको होतं. कापडाची वीण त्यांच्या नवऱ्याने बसवली होती आणि भट्टीचं तापमान त्यांनी स्वतः, दोन हिवाळे हात पोळून घेत, शोधलं होतं. नवरा गेला. महिना उलटायच्या आत दिराने कारखान्याचं कुलूप बदललं आणि दोघांनी लिहिलेली वही ठेवून घेतली. वर कामगारांसमोर म्हणाला, "हिला काय कळतंय? ही चहा करायची." लेकीला कडेवर आणि ट्रंक हातात घेऊन बाई निघाल्या, त्या परत त्या रस्त्याला गेल्या नाहीत. पण ते वाक्य त्यांनी दागिन्यासारखं जपलं.

आता दिराची बाकीची गिऱ्हाइकं तुटली होती. इथे नकार मिळाला तर कारखान्याला टाळं लागणार, हे तो स्वतःच बोलून गेला. "झालं गेलं विसरून जा," असंही म्हणाला. माफी मात्र मागितली नाही. चुकूनसुद्धा नाही.

चाचणी नऊ दिवसांची आणि कोरडी, म्हणजे ग्रीसशिवाय होती. वरून टनावारी भार, वाळूचा मारा आणि बुशात पिन सारखी हलती. यंत्र चालवणाऱ्या फिटरकाकांना सगळा इतिहास ठाऊक होता. पहिल्याच सकाळी त्यांनी ग्रीसचा डबा बाईंपुढे सरकवला.

"पिनेला एक बोट फिरवा, बाई. मी तोवर नळावर जाऊन येतो."

काकांनी बुशाची दुखती नस बरोबर पकडली होती. बाकी जगात ग्रीसने यंत्र वाचतं. या बुशाला मात्र ग्रीस म्हणजे विषच. त्याने बुशातल्या वंगणाचा थर पिनेवर बसत नाही, ग्रीसला वाळू चिकटते आणि कडं आतून खरवडून निघतं. चौथ्या दिवशी बुश मेला असता. नंतर सगळं धुतलंच जातं, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नसता.

बाईंनी झाकण उघडलं आणि बोट पेरापर्यंत आत घातलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं. टाळं लागलेला कारखाना दिसला, त्यापुढे पडलेल्या चेहऱ्याने उभा असलेला दीर दिसला. मग त्यांनी बोट पुसलं आणि दोनदा साबणाने धुतलं.

"काका, यंत्र सुरू करा."

रोज संध्याकाळी त्या झीज मोजायच्या. आज तरी झिजलेला निघू दे मेला, असं रोज वाटायचं. बुश काही झिजेना. नवव्या दिवशीही तो ठणठणीत होता. भट्टीचं तापमान दिराने एका अंशानेही बदललेलं नव्हतं. बदलायला त्याला कळत होतं कुठे?

दहाव्या दिवशी दीर आला. बाईंनी कागद पुढे केला. 'मंजूर' हा शब्द वाचून त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटलं होतं, तू डाव साधशील. देवमाणूस आहेस गं."

"खाली अटी आहेत, त्या वाचा."

अटी बाईंच्या अक्षरात होत्या. माल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणावा. मालकाने स्वतः आणावा, माणूस पाठवल्यास परत केला जाईल. तपासणी होईपर्यंत मालकाने बाहेर थांबावे आणि तपासनीस विचारतील त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

"प्रश्न कसले?" दिराने विचारलं.

"भट्टीचं तापमान एवढंच का ठेवता, भाऊजी?"

"वहीत तसं लिहिलंय म्हणून."

"का, ते विचारलं."

शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. दिराने एकदा छताकडे पाहिलं, एकदा बुटांकडे पाहिलं.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा विचारते."

दीर जिना उतरून गेला. फिटरकाका हात पुसत आले. त्यांचा चांगलाच हिरमोड झाला होता.

"सापडलेला माणूस सोडलात, बाई. नापास करून मोकळं व्हायचं होतं."

"नापास केलं असतं तर ते घरी बसले असते, काका," बाई म्हणाल्या. "मला निवृत्त व्हायला अजून अकरा वर्षं आहेत."